बाजेवर वाळणारे कागद

सकाळचे साडेदहा. तहसीलच्या आवारात लिंबाची दोन झाडं आहेत. त्यांच्याखाली जेवढी सावली, तेवढी माणसांनी भरली आहे. बाकीचे भिंतीला पाठ लावून उभे. ऑक्टोबरचं ऊन. पाऊस उघडून थोडेच दिवस झालेत, जमिनीतून अजून वाफ येते आणि सदरा पाठीला चिकटतो. पाण्याच्या टाकीखाली एक म्हातारा पाय धुतोय. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडलाय, दोनदा चोळला तरी निघत नाही. गोदावरीचा गाळ असाच. मऊ, बारीक, धरून ठेवणारा.

ही माणसं नदीकाठची. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला अंबड, घनसावंगी या बाजूच्या गावांना गोदावरीचा शेजार आहे. पूर ओसरला, पंचनामे सुरू झाले, की तालुक्याच्या गावी हे असं दृश्य उभं राहतं. पहिल्या एसटीनं माणसं येतात. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. किराणाची, कापडदुकानाची, खताच्या गोणीतून काढलेल्या प्लॅस्टिकची. काहींच्या हातात कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट. जालना बियाण्यांचं गाव, पाकीट जाड असतं, म्हणून त्यात आधार कार्ड ठेवायची इथे जुनी रीत आहे. पाकीट जाड असलं तरी वरून उघडंच असतं. पाणी वरूनच जातं.

मी सेतू केंद्राच्या रांगेच्या कडेनं चालते. रांग दरवाज्यातून बाहेर, पायऱ्या उतरून, सायकली लावल्यात तिथपर्यंत. कोणी चपला रांगेत ठेवून सावलीला गेलंय. चपला पुढं सरकवायचं काम एका पोराकडे आहे, आणि तो ते मन लावून करतो. कुबट वास येतोय. ओल्या गोधडीचा येतो तसला. तो कागदांचा वास आहे हे थोड्या वेळानं कळतं. माझ्यापुढची बाई पिशवी उघडते, आत रेशनकार्ड आहे, आणि त्याची पानं एकमेकांना चिकटून एकच जाड पुठ्ठा झालाय.

खिडकीपाशी बोलणं चाललंय.

"नंबर कोणता जोडलाय, मावशी?"

"पोराचा."

"पोरगं कुठंय?"

"पुण्याला. कंपनीत."

"लावा फोन. ओटीपी येईल, तेवढा सांगायला लावा."

मावशी शेजारच्याचा फोन मागून घेतात. रिंग जाते. पुन्हा लावतात. पुन्हा रिंग. मग त्यांच्या लक्षात येतं की पोराची पहिली पाळी आहे, आणि कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत तो उचलेल. मावशी रांगेतून बाजूला होतात, भिंतीला टेकून बसतात, पदरानं वारा घेतात. सुट्टी साडेबाराला. गावाकडची परतीची एसटी दीडला.

त्यांच्या मागच्या माणसाची अडचण याहून घट्ट आहे. फोनच पाण्यात गेला. नवं सिम घ्यायचं तर आधार दाखवा म्हणतात. आधार काढायचं तर त्या सिमवर ओटीपी येणार. तो हे सगळं एका दमात सांगतो, मग थांबतो. खिडकीतला मुलगा त्याच्यावर चिडत नाही. "काका, आधार केंद्रावर जा. तिथं अंगठ्यावर निघतं." अंगठा म्हणताच काका स्वतःचा अंगठा पाहतात. कोयत्यानं आणि कापसाच्या बोंडांनी तो सपाट झालाय. रेषा शोधाव्या लागतात. "नाही उमटला तर डोळ्यावर होतं," मुलगा सांगतो. आधारच्या नोंदीत दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळंही असतात, हे काकांना नव्यानं कळतं. ते खिडकी सोडतात ती जरा ताठ मानेनं.

फाटकाबाहेर झेरॉक्सचं दुकान. लाइट गेलीय. इन्व्हर्टरवर एकच यंत्र चालतंय आणि दुकानदार घामानं निथळतोय. टेबलावर तो ओले कागद घेत नाही. "काचेला चिकटतात, यंत्र बिघडतं," म्हणतो, पण परत कोणालाच पाठवत नाही. बाजूला दोरी बांधलीय, तिच्यावर कपड्यांचे चिमटे. ज्याचा कागद ओला, त्यानं तो तिथं टांगायचा आणि नंबर येईस्तोवर थांबायचं. दोरीवर या क्षणाला दोन जातीचे दाखले, एक पासबुक, विम्याची पावती आणि कोणाच्या तरी लग्नातला फोटो.

या दोरीखाली पाच मिनिटं उभं राहिलं की कोणता कागद पाण्यात टिकतो हे कळतं. घरच्या रंगीत प्रिंटरवर काढलेलं आधार पूर्ण पुसलंय, निळसर डाग उरलाय. एटीएमच्या चिठ्ठीसारख्या पावत्या पांढऱ्याफटक पडल्यात. शाईपेनानं लिहिलेलं पसरलंय. शिक्क्याची जांभळी शाई तर आधी जाते, आणि सरकारी कागदात शिक्काच तर महत्त्वाचा. बॉलपेनचं अक्षर मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. आणि साधी काळी झेरॉक्स, जिला कोणी किंमत देत नाही, ती सगळ्यांत धडधाकट. तिची काळी भुकटी उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली असते, पाण्यानं ती निघत नाही. इथं कित्येकांचं मूळ गेलंय आणि झेरॉक्स राहिलीय.

"लॅमिनेशन करून देऊ का?" दुकानदार एका तरुणाला विचारतो. तरुणाच्या हातात दहावीचं गुणपत्रक आहे, कडेनं ओल धरलेलं. मला न राहवून मध्ये बोलावं लागतं. ओला कागद प्लॅस्टिकमध्ये कोंडला तर आतल्या आत बुरशी धरतो, आणि एकदा चिकटवलेलं प्लॅस्टिक कागद न फाटता निघत नाही. शिवाय शिक्का-सही हातानं तपासायची वेळ आली की लॅमिनेशन केलेल्या प्रमाणपत्रावर पडताळणीत हरकत निघते. दुकानदार मान हलवतो. त्यालाही ते ठाऊक आहे. "लोकं ऐकत नाहीत ताई, त्यांना वाटतं प्लॅस्टिक म्हणजे पक्कं." तरुण गुणपत्रक परत दोरीला लावतो.

लाइट येते. पंखा फिरतो. दोरीवरचे कागद फडफडतात, चार-पाच माणसं एकदम पुढं होऊन आपापला कागद धरतात.

पलीकडे कट्ट्यावर अर्ज लिहिणारे बसलेत. छत्री, पत्र्याचं टेबल, स्टेपलर, शाईचा पॅड. प्रतिज्ञापत्राची छापील वाक्यं त्यांना पाठ आहेत. पुरात वाहून गेले, शोध घेऊनही मिळाले नाहीत, सबब. एक जण माझ्याशी बोलता बोलता तीन अर्ज पुरे करतो. जात, उत्पन्न, रहिवासी अशा सरकारी दाखल्यांसाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. हा नियम २००४ पासूनचा. तरी शंभरातले पुष्कळ लोक मुद्रांक शोधत फिरतात, कारण मुद्रांकावर लिहिलेलं जास्त खरं वाटतं. अर्जवाला सांगतो, "मी सांगतो त्यांना, नको घेऊ. पण माणूस सगळं गमावून आलेला असतो. त्याला काहीतरी जाड, छापील हातात पाहिजे असतं."

हे मला पटतं. पण ज्याचं घर वाहिलंय त्याला ५०० रुपयांचा मुद्रांक विनाकारण घ्यायला लावणं मला बघवत नाही, आणि ही एक ओळ मोठ्या अक्षरात फाटकावर लिहून ठेवायला काहीच अवघड नाही.

आतल्या बाजूला अभिलेख कक्ष. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मग हळूहळू मांडण्या दिसायला लागतात. लोखंडी, छतापर्यंत. त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे. लाल कापड, विटलेलं. गाठीला चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि मोडीत. नंतरचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, कोणाच्या ताब्यात कोणतं शेत होतं ते सांगणारं. खालचा खण रिकामा ठेवलाय. जमिनीला लागून गठ्ठा ठेवायचा नाही, ओल आणि वाळवी दोन्ही खालून येतात, एवढं इथला शिपाईसुद्धा सांगतो.

२०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या जिल्ह्यात अशा खोल्यांना आणि घरातल्या पेट्यांना एकदम किंमत आली. पणजोबाच्या नावाची एक ओळ सापडावी म्हणून माणसं दिवसदिवस बसली. मोडी वाचणाऱ्याला गावोगावी बोलावणं येऊ लागलं. कितीतरी घरांत पेटी उघडल्यावर कागदाऐवजी वाळवीनं खाल्लेला भुगा निघाला. ज्यांचा कागद शाबूत होता, त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि मूळ परत त्याच पेटीत, त्याच कोपऱ्यात ठेवलं.

सरकारी खोलीतलं सुरक्षित असतं, असं आपण धरून चालतो. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालय पेटलं तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या हजारो फायली गेल्या. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, दुकानं, दवाखाने, कचेऱ्या कोणी सुटलं नाही. कागद एकाच जागी असला की धोका आहेच, जागा कोणाचीही असो.

दुपारी काळीपिवळीत बसून नदीकडे निघते. शहागडच्या फाट्याला महामार्ग सोडला की रस्ता उतरत जातो. दोन्ही बाजूंना कपाशी, काळी पडलेली. सोयाबीन उभ्या जागी कुजलंय. ऊस एका अंगावर झोपलाय, पाणी कोणत्या दिशेनं गेलं ते त्याच्यावरून कळतं. बाभळीच्या फांद्यांना डोक्याच्या उंचीवर कडबा, चिंध्या, प्लॅस्टिक लटकलंय. ड्रायव्हर तिकडं बोट करून म्हणतो, "इथपर्यंत होतं."

वरच्या अंगाला पैठणला जायकवाडीचं धरण. १०२ टीएमसीचं, २७ दरवाज्यांचं. नाशिक-नगरकडे पाऊस झाला की ते भरतं, आणि भरल्यावर वरून येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख क्युसेकच्या घरात विसर्ग गेला होता. गावातली माणसं अजून त्या पाण्याची खूण दाखवतात, देवळाच्या कोणत्या पायरीला लागलं होतं ते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि जुन्या खुणांची उजळणी करायची वेळ आली.

तरी हा जिल्हा मुळात दुष्काळाचा. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही मिळाला तर. २०१२-१३ ला इथल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाणी साठवायचा विचार केला. घागर, रांजण, हौद, टाकी. पाण्यापासून काही वाचवायचं असतं, ही सवय घराच्या बांधणीतच नाही. कोनाडा कमरेच्या उंचीला. पेटी जमिनीवर. माळवदाच्या घरात वरून गळतं आणि खालून चढतं.

गाव येतं. शाळेच्या भिंतीवर तपकिरी रेघ, सगळ्या घरांवरून एका पातळीत गेलेली. रेघेच्या खाली रंग वेगळा, वर वेगळा. रस्त्यावर गाद्या, डबे, दप्तरं, शिलाई मशीन, भिजून फुगलेलं कपाट. डोझरचा आवाज. पाण्याच्या टँकरपाशी हंड्यांची रांग. दुष्काळातही टँकर, पुरातही टँकर.

इशारा मिळतो. ग्रामपंचायतीचा भोंगा होतो, फोन येतात. धरणाचे दरवाजे उघडल्यापासून पाणी गावाला लागेपर्यंत काही तास हातात असतात. त्या तासांत माणसं काय करतात, ते जो-तो सारखंच सांगतो. आधी जनावरं सोडली. मग म्हातारी माणसं हलवली. मग धान्य वर टाकलं. मग अंधार पडला. कागद? "कागदाची आठवणच झाली नाही बघा," एक बाबा सांगतो. "दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला, आन् त्यानं पहिलं तेच मागितलं."

पंचनामा चाललाय. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक घरोघर फिरतात. पदांची नावं आता बदललीत, गाव अजून याच नावांनी हाक मारतं. तलाठी घामेजलेला, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, सकाळपासून बहुतेक जेवलेला नाही. तो रकाने भरतो. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० रुपये, भांड्याकुंड्यांसाठी २,५००. दुभती म्हैस गेली असेल तर ३७,५००. केंद्राच्या आपत्ती निकषांत दर ठरलेले आहेत. कोरडवाहू शेतीला हेक्टरी ८,५००. घरातल्या कागदांसाठी या यादीत रकाना नाही. पण हे सगळे पैसे ज्याच्या नावे यायचे, त्याला आधार, पासबुक आणि सातबारा दाखवावाच लागतो.

सातबाऱ्याची चिंता खरं तर कमी आहे. तलाठी तेच सांगतोय. "आजोबा, सातबारा वाहत नसतो. तो आता मोबाइलवर निघतो. डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत." २०१८ पासून ही सोय आहे. आजोबांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांचा सातबारा म्हणजे पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला, कडा तुटलेला, वडिलांच्या नावाचा कागद. तो गेला म्हणजे शेतच गेलं, असं त्यांना दोन दिवस वाटत होतं. झोप नव्हती.

एका घराच्या ओसरीत मी थांबते. बाज टाकलीय. बाजेवर स्वच्छ धुतलेली साडी आणि साडीवर कागद. उन्हात नाही, सावलीत. नात बारावीला आहे, ती हे काम करतेय. आजी शेजारी बसून पाहतेय.

मुलगी हे कुठं शिकली, विचारलं तर म्हणते, "शाळेत सर दफ्तर वाळवत होते, त्यांचं पाहिलं." तिच्या मांडीवर खरेदीखताचा गठ्ठा. ती पानं ओढत नाही. आधी बोटानं कड चाचपते, जिथं सुटतं तिथून चपटी काडी आत सरकवते, थोडं थांबते, मग आणखी थोडी. पान सुटलं की दोन्ही हातांवर तोलून साडीवर ठेवते. दोन पानांमध्ये कोरा कागद. पहिल्यांदा वर्तमानपत्र घातलं होतं, त्याची शाई खरेदीखतावर उमटली; एका पानावर बाजारभावाची उलटी अक्षरं अजून दिसतात. घालायचे कोरे कागद ओले झाले की बदलते. पान ठेवायच्या आधी फोटो काढते. ओलं असलं, डागाळलं असलं तरी आधी फोटो. कारण वाळताना काय होईल सांगता येत नाही. उन्हात टाकलं असतं तर कागद लवकर वाळला असता आणि पापडासारखा मोडला असता. नुसता गठ्ठा ठेवला असता तर दोन-तीन दिवसांत बुरशी. हिनं वेळेत हात घातलाय.

मी तिला सांगते, खरेदीखताचं फार मनाला लावून घेऊ नको. ते नोंदवलेलं आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची प्रत असते, अर्ज केला की नक्कल मिळते. २००२ नंतरचं असेल तर सूची दोनची नोंद ऑनलाइनही शोधता येते. मुलगी मान डोलवते. तिचं लक्ष दुसऱ्या कागदावर आहे. आजीचंही.

तो कागद बाजेच्या मध्यभागी, एकटा. वाटणीपत्र. मुद्रांकावर बॉलपेननं लिहिलेलं. चतुःसीमा, विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरची आंब्याची दोन झाडं कोणाची ते. खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे. मजकूर शाबूत आहे. अंगठे मात्र गेलेत. जांभळ्या शाईचे चार ढग उरलेत, एकमेकांत मिसळलेले.

"पंचातला आता एकच राह्यलाय," आजी सांगते. "त्याला बी ऐकू येत नाही."

हा कागद कोणत्याही कचेरीत नाही. नोंदवलेलाच नाही. घरातल्या घरात, मालकांच्या हयातीत, चार माणसांसमोर लिहिला आणि आजीच्या गादीखाली ठेवला. तीन मुलांमध्ये आजवर भांडण झालं नाही त्याचं कारण हा एक कागद. आणि याच घरात आधार कार्डाला तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. आधार तर नंबर माहीत असला आणि जोडलेला मोबाइल हाताशी असला की फुकट उतरवून घेता येतं, कितीही वेळा, कुठूनही.

गावागावांत मला हेच उलटं चित्र दिसतं. ज्याची प्रत सरकारकडे आहे ते जिवापाड जपलेलं. ज्याची प्रत जगात कुठेच नाही ते गादीखाली, कोनाड्यात, देवाच्या फोटोमागं. हातउसन्याची वही. बटईचा करार. बचत गटाचं जुनं पुस्तक. सासरच्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी. नवऱ्याच्या आजारपणाची फाइल. बाईमाणसाच्या हक्काचे कागद बहुतेक याच जातीचे असतात, बिननोंदीचे, एकुलते एक. ते गेले की ती कोणत्या खिडकीवर जाऊन नक्कल मागणार?

शाळेत डोकावते. मुख्याध्यापकांनी निर्गम उताऱ्याचं जाड रजिस्टर टेबलावर उभं करून ठेवलंय, पानं पंख्यासारखी पसरून, हवा आत जाईल असं. गावातल्या तीन पिढ्यांच्या जन्मतारखा त्यात आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण त्यानंतरही वाडी-वस्तीवर जन्मलेल्या पुष्कळांची नोंद शाळेच्या या पुस्तकाशिवाय कुठे नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना वयासाठी जन्मदाखलाच लागणार, त्यांचं त्यामुळे बरं. आधीच्यांची सगळी भिस्त या रजिस्टरावर. ते वाचलं, कारण सरांनी ते त्या संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. दहावीचं गुणपत्रक गेलेली मुलं अंगणात थांबलीत. सर त्यांना संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी करायचा अर्ज सांगतायत. एकेकाला, सावकाश, बैठकीचा नंबर पाटीवर लिहून.

चार वाजता चावडीच्या ओट्यावर बचत गटाची ताई येते. खांद्याला पिशवी, हातात फोन. तिच्याभोवती बाया जमतात. तिची पद्धत ठरलेली आहे. कागद सपाट ठेवायचा, वरून सरळ फोटो, चारही कोपरे दिसले पाहिजेत, मागची बाजू विसरायची नाही. फोटो त्या बाईच्याच फोनमध्ये काढायचा आणि तिच्याच एका विश्वासाच्या माणसाला धाडायचा. गावाच्या व्हॉट्सॲप गटात नाही. "तिथं टाकलं की आधारचा नंबर कुठं कुठं जाईल सांगता येत नाही," ती दरडावून सांगते. एकीनं टाकलेलं ती तिथल्या तिथं डिलीट करायला लावते.

मग डिजिलॉकर. २०१५ पासून ते आहे, गावात नाव सगळ्यांनी ऐकलंय, उघडलंय थोड्यांनी. ताई एक फरक पुन्हा पुन्हा सांगते. त्या-त्या कार्यालयाकडून थेट आलेलं प्रमाणपत्र मूळ कागदाच्या बरोबरीनं चालतं. आपण फोटो काढून आत टाकलेलं तसं चालत नाही, तो फक्त आठवणीला. आणि ते उघडायलाही मोबाइल नंबर लागतो, म्हणून नंबर स्वतःचा पाहिजे. "पोराचा नको, जावयाचा नको, दीराचा तर नकोच. तुझा. साधा डबा फोन असला तरी ओटीपी येतो." बायांमध्ये चुळबुळ होते. दोघी उठून विचारून येते म्हणतात. ताई म्हणते, "विचारू नका, सांगा."

मूळ कागदांचं काय? त्यासाठी तिनं पिशव्या आणल्यात. दाबून बंद होणाऱ्या, जाड. कागद कोरडा ठणठणीत झाल्याशिवाय आत घालायचा नाही. एकात एक दोन पिशव्या, तोंडं उलटसुलट. वर नाव, गाव, फोन नंबर मार्करनं. ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला, पुरुषभर उंचीवर. पावसाळ्यात चार महिने ती तिथंच. भोंगा झाला की जो शेवटी निघेल त्यानं काढायची. आणि झेरॉक्सचा एक संच गावाबाहेर.

गावाबाहेर म्हणजे कोणाकडे, यावर ओट्यावर बराच वेळ बोलणं होतं. पुण्याचा पोरगा खोल्या बदलतो. संभाजीनगरला भाऊ आहे, पण त्याचं-आपलं धड नाही. शेवटी बऱ्याच जणी लेकीच्या सासरचं नाव घेतात. ओसरीतली आजीही नातीसोबत इथं आलीय. तिची लेक बदनापूर तालुक्यात माळावरच्या गावात दिलीय. शिवारात नदी नाही. ऐन दुष्काळात त्या घराला नावं ठेवली होती, आता तेच कामाला येतंय. लेकीकडे कागद ठेवायचे म्हणजे लेकीला घरातलं सगळं कळणार, असा एक पुरुषी सूर मागून येतो. आजी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही.

तिचा प्रश्न वेगळा आहे. अंगठे गेलेल्या वाटणीपत्राचं पुढं काय?

ताई फोनवर कोणाशी तरी बोलून खात्री करते, मग समजावून सांगते. जुना कागद पुरावा म्हणून जपून ठेवायचाच. पण नवं वाटणीपत्र करून ते नोंदवून टाका. शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक शंभर रुपयांचा लागतो, आणि नोंदणीचं शुल्क २०२५ मध्ये सरकारनं माफ केलंय. फक्त तिन्ही भाऊ एका दिवशी, एका वेळी आले पाहिजेत. एकदा नोंद झाली की गोदावरीला त्यातलं काही नेता येणार नाही.

आजी बोटांवर मोजते. थोरला गावातच. मधला जालन्याला, स्टीलच्या कारखान्यात, त्याची सुट्टी गुरुवारी. धाकटा ऊसतोडीच्या टोळीत. मुकादमाची उचल घेऊन बसलाय, टोळी दिवाळी झाली की निघेल, ती थेट उन्हाळ्यात परतेल.

"मंग दिवाळीच्या आधीचा गुरुवार," ती म्हणते.

नातीनं फोन काढलाय. धाकट्याचा लागत नाही. ती टोळीतल्या दुसऱ्याचा नंबर शोधते. आजी तिला दुसरंच काम सांगते. जुन्या कागदावरचं सगळं एका वहीत उतरवून घे, आंब्याच्या झाडांसकट, आणि पाण्याच्या पाळ्यांत आता बोअर धरावं लागेल, ते तेव्हा नव्हतं.